इंजेक्शनने खांदा धरला, तर भरपाई कोणाकडे मागायची?

वाचकहो, या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मूळव्याध, आम्लपित्त आणि गुडघेदुखी यांचा भरणा असतो. या वेळी मात्र एका भगिनींचे वेगळेच पत्र आले. त्यांची मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला असते. तिथे एका औषधाच्या दुकानात तिने फ्लूची लस टोचून घेतली. (तिकडे औषध दुकानातला फार्मासिस्टच लस देतो, यात काही गैर नाही.) दुसऱ्या दिवशी सकाळी डावा खांदा धरला, तो आठ महिने झाले तरी सुटलेला नाही. हात वर जात नाही, केस विंचरता येत नाहीत, त्या कुशीवर झोपता येत नाही. तिच्या कचेरीतील कोणी तिला सांगितले की याची नुकसानभरपाई मिळते आणि वकिलाची फीदेखील आपल्या खिशातून जात नाही. आईने लिहिले आहे, ‘डॉक्टर, हे खरे आहे की हा पैसे उकळण्याचा नवा धंदा आहे?’

हे खरे आहे. अमेरिकेत तसा कायदा आहे, पण त्याच्या अटी कडक आणि मुदत ठरलेली आहे. मुळात लशीने खांदा कसा धरतो हे समजल्याशिवाय त्या अटींचा अर्थ लागणार नाही, म्हणून आधी शरीराकडे वळू.

आपला उजवा हात डाव्या खांद्याच्या टोकावर ठेवून पाहा. बोटांना एक कठीण हाडाची कड लागते. तिच्या खाली दंडावर जो गुबगुबीत स्नायू आहे त्याला डेल्टॉइड म्हणतात. दंडात द्यायची लस या स्नायूच्या मध्यभागी, म्हणजे हाडाच्या कडेपासून दोन ते तीन बोटे खाली द्यायची असते. त्या कडेखाली, स्नायूच्या आत, एक पातळ पिशवी असते. तिला बर्सा म्हणतात. बैलगाडीच्या आसाला वंगण घालतात, तसे या पिशवीतले किंचित पातळ द्रव्य हात वर-खाली होताना आतल्या शिरा आणि हाड यांचे घर्षण टाळते. इथे शिरा म्हणजे रक्ताच्या नव्हेत, स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा.

सुई फार वर लागली, किंवा माणूस अगदी किरकोळ असताना लांब सुई पुरती आत गेली, तर लस स्नायूत न जाता या पिशवीत किंवा कंडरेपाशी पडते. लशीचे कामच मुळी शरीराला डिवचण्याचे. स्नायूत रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे ती तिथे दोन-तीन दिवस दुखवते आणि पांगून जाते. बंद पिशवीत मात्र ती रेंगाळते आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्या पिशवीवरच धावून जाते, असे तज्ज्ञ मानतात. पिशवी सुजते, माणूस दुखते म्हणून हात हलवत नाही, आणि न हलवलेला खांदा हळूहळू आखडत जातो.

२०१० साली अमेरिकेतील डॉक्टरांनी अशा तेरा रुग्णांची एकत्र माहिती प्रसिद्ध केली आणि या दुखण्याला नाव दिले. त्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे जोडून त्याला ‘सिरवा’ म्हणतात. २०११ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या मान्यवर संस्थेच्या समितीने लशींच्या दुष्परिणामांचा मोठा आढावा घेतला. इंजेक्शनमुळे खांद्याच्या पिशवीला सूज येऊ शकते, याला खात्रीलायक पुरावा आहे, असे तिने म्हटले. इथे एक बारकावा आहे. दोष लशीतल्या औषधाचा कमी आणि सुई कुठे लागली याचा जास्त. म्हणूनच फ्लू असो, धनुर्वात असो की कावीळ बीची लस, कोणत्याही लशीने हे होऊ शकते. ‘लस वाईट’ असा अर्थ यातून काढणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

हे दुखणे विरळा आहे. लस घेतल्यावर दंड दुखणे, किंचित सूज, कसकस हे नेहमीचेच आणि ते दोन-तीन दिवसांत जाते. ज्याचा खांदा अठ्ठेचाळीस तासांच्या आत दुखू लागला आणि आठवडा-दोन आठवड्यांनंतरही हात वर नेताना कळ येते, त्याने मात्र डॉक्टरला दाखवावे. टोचल्या जागी लाल, गरम गाठ व ताप असेल तर तो जंतुसंसर्ग, त्याचा उपचार वेगळा. मुंग्या बोटांपर्यंत जात असतील किंवा मनगट लुळे पडले असेल तर मज्जातंतूला इजा असू शकते, तेथे एक दिवसही दवडू नये. आणि मधुमेही वाचकांना एक सूचना. चाळिशी-साठीच्या दरम्यान मधुमेह्यांचा खांदा काहीही कारण नसताना आखडतो. दंडात कधीतरी सुई टोचली होती एवढ्यावरून सगळा दोष तिच्या माथी मारू नये, आधी साखर तपासावी.

उपचारात चमत्कार नाही. वेदनाशामक गोळ्या, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम, गरज पडल्यास सांध्याभोवती स्टेरॉइडचे एखादे इंजेक्शन, आणि क्वचित शस्त्रक्रिया. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये सूज दिसते. बरेच लोक काही महिन्यांत सुधारतात, काहींना वर्ष लागते. खांदा गळ्यात बांधून ठेवणे हा सर्वांत वाईट उपाय, आणि नेमका तोच घरोघरी केला जातो.

आता कायद्याकडे वळू.

अमेरिकेत १९७० आणि ८० च्या दशकांत डीपीटी म्हणजे त्रिगुणी लशीमुळे मुलांना इजा झाली असे म्हणत कंपन्यांवर खटल्यांची रीघ लागली. कंपन्या एकेक करून ही लस बनवणे सोडू लागल्या, किमती चढल्या आणि लशीचा तुटवडा पडण्याची वेळ आली. म्हणून १९८६ साली तिथल्या संसदेने कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९८८ पासून सरकारी भरपाई योजना सुरू झाली. कल्पना सरळ आहे. लस सर्वांच्या भल्यासाठी घेतली जाते, लाखोंत एखाद्याला त्रास होतो, तर त्याचा भार सर्वांनी मिळून उचलावा. त्यासाठी लशीच्या प्रत्येक मात्रेवर, ती ज्या रोगापासून वाचवते त्या प्रत्येक रोगामागे ७५ सेंट कर घेतला जातो. फ्लूच्या लशीवर ७५ सेंट. गोवर, गालगुंड आणि रुबेला या तीन रोगांच्या एकत्रित लशीवर सव्वादोन डॉलर. त्या निधीतून भरपाई दिली जाते. आजवर पाच अब्ज डॉलरहून अधिक रक्कम या योजनेतून दिली गेली आहे. आकडा ऐकून दचकू नका. त्याच सरकारच्या हिशेबाने २००६ नंतर वाटलेल्या दर दहा लाख मात्रांमागे साधारण एका माणसाला भरपाई मिळाली.

मला या कायद्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती ही की इथे टोचणाऱ्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. दावा परिचारिकेवर नाही, औषध दुकानावर नाही, कंपनीवरही नाही. तो केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याच्या सचिवांविरुद्ध वॉशिंग्टनच्या एका खास न्यायालयात लावायचा असतो. तेथे ज्यूरी नसते. ‘स्पेशल मास्टर’ नावाचे न्यायाधिकारी निकाल देतात. कायद्याने एक तक्ता ठरवून दिला आहे. कोणत्या लशीनंतर, किती वेळात, कोणती इजा झाली तर ती लशीमुळेच झाली असे धरून चालायचे, हे त्यात लिहिलेले आहे. खांद्याची ही इजा २१ मार्च २०१७ पासून त्या तक्त्यात आली. त्याआधी प्रत्येकाला तज्ज्ञ उभे करून कार्यकारण सिद्ध करावे लागे.

तक्त्यातल्या अटी चार. त्या खांद्याला लस घेण्यापूर्वी दुखणे, सूज किंवा आखडणे नव्हते. दुखणे लस घेतल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत सुरू झाले. दुखणे आणि आखडणे ज्या खांद्यात लस दिली तेवढ्यापुरतेच आहे. आणि मानेच्या मणक्यातली दबलेली शीर, मज्जातंतूचा दाह असे दुसरे कारण त्यामागे नाही. याखेरीज त्रास सहा महिन्यांहून अधिक टिकलेला असावा लागतो, किंवा रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेली असावी लागते. म्हणजे पाच महिन्यांत बरा झालेला माणूस कितीही कण्हला असला तरी त्याला काही मिळत नाही. कायदा कुठेतरी रेघ मारणारच.

मुदत तीन वर्षांची, आणि ती पहिल्या दिवसाच्या कळेपासून मोजली जाते. ‘हे लशीमुळे झाले हे मला नंतर कळले’ ही सबब तेथे चालत नाही. २०११ साली तिथल्या अपील न्यायालयाने तसे स्पष्ट केले आहे. पत्रातील कन्येने म्हणूनच कॅलेंडरवर लस घेतल्याच्या दिवशी खूण करून ठेवावी.

भरपाईत झालेला आणि पुढे होणारा वैद्यकीय खर्च आणि बुडालेला पगार धरतात. वेदना व मनस्तापासाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर अशी कमाल मर्यादा आहे. ही मर्यादा १९८६ च्या कायद्यातच घातलेली आहे. एवढी रक्कम प्रत्येकाला मिळते असे मुळीच नाही. बहुतेक प्रकरणे तडजोडीने मिटतात, आणि तडजोड झाली म्हणजे लशीनेच झाले असे सरकारने कबूल केले असा अर्थ होत नाही. निकालाला दोन-तीन वर्षे सहज लागतात.

वकिलाच्या फीबद्दल ऐकलेले खरे आहे. दावा प्रामाणिकपणे आणि सबळ कारणाने केलेला असेल, तर तो हरला तरी न्यायालय वकिलाची फी निधीतून देते. याची दुसरी बाजू लोकांना ठाऊक नसते. या योजनेत वकिलाने अशिलाकडून वेगळी फी घेण्यास कायद्यानेच बंदी आहे. तेव्हा कोणी ‘मिळेल त्यातला तिसरा हिस्सा माझा’ म्हणाला, तर त्याच्या कचेरीतून सरळ उठून यावे. आईच्या पत्रातल्या शंकेचे खरे उत्तर हे आहे. योजना फसवी नाही, पण तिच्या नावावर फसवणारा ओळखता आला पाहिजे.

आणखी दोन गोष्टी. कायद्याची अट लस अमेरिकेत घेतलेली असावी ही आहे, नागरिकत्वाची नाही. मुलाकडे सहा महिने राहायला गेलेल्या आजी-आजोबांनी तेथे फ्लूची लस घेतली तर त्यांनाही हाच नियम लागू. मात्र सर्व लशी या योजनेत येत नाहीत. नागिणीची लस, जी ज्येष्ठांना तिकडे आग्रहाने देतात, ती यात नाही. आणि कोविडच्या लशींसाठी २०२० पासून जी वेगळी योजना लावली गेली ती फार कंजूष निघाली. तिच्यात मुदत लस घेतल्यापासून एकच वर्ष, वेदनेसाठी दमडी नाही, वकिलाची फी नाही.

हा खांद्याचा प्रश्न तक्त्यात ठेवावा की नाही यावरही तेथे वाद झाला. या योजनेतल्या नव्या दाव्यांपैकी निम्म्याहून अधिक दावे खांद्याचेच येऊ लागले, तेव्हा २०२० साली तिथल्या आरोग्य खात्याने ही इजा तक्त्यातून काढण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणणे असे की ही लशीची इजा नव्हे, टोचणाऱ्याच्या हलगर्जीपणाची आहे. मग तिचे पैसे लशीच्या निधीने का द्यावेत? जानेवारी २०२१ मध्ये तसा नियम प्रसिद्धही झाला. सरकार बदलले आणि एप्रिल २०२१ मध्ये तो अमलात येण्याआधीच रद्द झाला. मला विचाराल तर त्या म्हणण्यात तथ्य होते. निष्काळजी हाताला निधीची ढाल मिळते, हे खरेच. पण ती ढाल काढली असती तर ज्याचा हात वर जात नाही त्याला साध्या न्यायालयात एखाद्या परिचारिकेची चूक सिद्ध करत बसावे लागले असते. त्यात रुग्ण आणि परिचारिका दोघेही भरडले जातात.

प्रत्यक्षात दावे कशावर अडतात? कागदावर. माणूस ‘जाईल आपोआप’ म्हणून तीन महिने थांबतो. मग डॉक्टरकडे गेल्यावर ‘कधीपासून?’ या प्रश्नाला ‘झाले काही आठवडे’ असे मोघम उत्तर देतो. डॉक्टर तेच लिहितो. दोन वर्षांनी न्यायालयात तोच कागद समोर येतो आणि अठ्ठेचाळीस तासांची अट तिथेच लंगडी पडते. कधी संगणकावर लस डाव्या दंडात दिल्याची नोंद असते आणि दुखतो उजवा. घरच्यांचे, मित्रांचे जबाब ऐकले जातात, तरी त्या वेळी लिहिलेल्या कागदाचे वजन वेगळेच. डॉक्टरला सांगताना तारीख सांगा, बाजू सांगा, ‘लस घेतली त्या रात्रीपासून’ हे शब्द सांगा, आणि ते लिहिले की नाही ते पाहा.

आपल्याकडे काय?

अमेरिकेसारखे लशीचे खास न्यायालय आणि तक्ता आपल्याकडे नाही. इथे मार्ग दोन. लस पैसे देऊन खासगी दवाखान्यात घेतली असेल तर ग्राहक आयोग. डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९५ मध्ये ठरवले, तेव्हा आम्हा डॉक्टर मंडळींत केवढी खळबळ झाली होती! आता २०१९ चा नवा कायदा लागू आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते आणि ती स्वतःच्या जिल्ह्यातही करता येते. मात्र इथे हलगर्जीपणा सिद्ध करावा लागतो. नुसते दुखले म्हणजे हलगर्जीपणा झाला असे नाही. सुई चुकीच्या जागी टोचली हे दाखवावे लागते, आणि त्यासाठी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत लागते. एक डॉक्टर दुसऱ्याविरुद्ध लिहून द्यायला किती तयार असतो हे वाचकांना सांगायला नको.

जेथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात त्या सरकारी दवाखान्यातील सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. तेथे दिवाणी न्यायालय. सरकारी डॉक्टरच्या हलगर्जीपणाला सरकार जबाबदार असते हे आपल्याच मराठवाड्यातील एका खटल्यात ठरले. १९६३ साली तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात एका स्त्रीच्या नसबंदीच्या शस्त्रक्रियेत पोटात कापड राहिले आणि ती दगावली. सर्वोच्च न्यायालयाने तिच्या घरच्यांच्या बाजूने निकाल दिला तो १९९६ मध्ये. रक्कम छत्तीस हजार रुपये. चूक एवढी उघड असताना तेहतीस वर्षे लागली, मग दुखऱ्या खांद्याची काय कथा? म्हणून माझा सल्ला असा की आखडलेल्या खांद्याच्या माणसाने इथे आधी व्यायामावर वेळ घालवावा. हात कायमचा अधू झाला असेल, रोजगार बुडाला असेल आणि कागद भक्कम असतील, तरच वकिलाची पायरी चढावी.

तक्रार नोंदवणे मात्र सर्वांनी करावे. लशीनंतरचा कोणताही त्रास प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवता येतो. त्याची चौकशी करण्यासाठी जिल्हा पातळीवर समिती असते. त्यातून पैसे मिळत नाहीत, पण एकाच केंद्रावरून चार खांदे आले तर कोणाला शिकवायला हवे ते कळते.

शिकवण्यासारखे फार नाही. आपल्याकडे बायकांच्या पोलक्याची बाही घट्ट असते, ती वर सरकत नाही. मग गळ्याकडून कापड ओढून खांद्याचे टोक तेवढे उघडे करतात आणि सुई नेमकी वरच लागते. बाही सैल असलेले कपडे घालून जावे, किंवा आडोशाला बाहेर हात काढावा. संकोच समजतो, पण खांदा त्याहून महत्त्वाचा. रुग्ण स्टुलावर आणि टोचणारा उभा, यानेही सुई वर जाते. दोघांनी बसावे. हात सैल, कमरेवर ठेवलेला. हाडाची कड बोटाने चाचपून, दोन-तीन बोटे खाली, सरळ काटकोनात सुई. साधारण बांध्याच्या माणसाला इंचभराची सुई पुरते, अगदी किरकोळ माणसाला त्याहून आखूड. आमच्याकडच्या गर्दीच्या शिबिरांत हे पाळायला प्रत्येकी अर्धे मिनिट जास्त लागेल, इतकेच.

शेवटी कुत्रा चावलेल्यांसाठी. रेबीजची लस मोठ्या माणसाला दंडातच देतात, कुल्ल्यात नव्हे, आणि तिच्या मात्रा अनेक. एखाद्या मात्रेनंतर खांदा धरला म्हणून पुढच्या मात्रा चुकवणारे लोक मी पाहतो. रेबीज झाला की वाचण्याची आशा जवळजवळ नसते. खांदा दुखत असेल तर केसपेपरवर तसे लिहून घ्यावे, कोणत्या तारखेची मात्रा कोणत्या दंडात ते लिहून घ्यावे, आणि पुढची मात्रा ठरल्या दिवशी दुसऱ्या दंडात घ्यावी.